पातूरचं शून्य

देवीदासकाकांनी माझ्या मुलीला, रश्मीला, मुद्दाम अडकवलं, ही शंका आठवडाभर डोक्यातून जात नव्हती.

अकोल्यातल्या एका बियाणे तपासणी केंद्रात त्यांनी बावीस वर्षं एकच एक्सेलची फाईल सांभाळली. माणूस पातूरचा, दहावी शिकलेला, संगणक बघून बघून शिकलेला. कोणत्या गावच्या नमुन्यातलं किती बी उगवलं, ते त्या फाईलमध्ये. प्रत्येक नमुन्याला त्यांनी नाव दिलेलं, गावाची इंग्रजी अक्षरं आणि क्रमांक. पातूरचा बारावा नमुना म्हणजे पीटीआर १२.

निवृत्तीच्या दिवशी ते त्यांच्या जागी आलेल्या रश्मीला म्हणाले, "बाई, या फाईलले नवी करू नको."

"काहून काका?"

"गावं हरवतात तिच्यातली."

"एसटी चुकते काय त्याहिची?" ती हसली. ते हसले नाहीत.

महिन्याभरात तिनं फाईल नव्या प्रकारात साठवली. सगळ्या गावांचे आकडे गोळा करणाऱ्या एकत्रित पानावर पातूर, वरूड शून्य, अकोट शाबूत. निवडून गावं? मला वाटलं, जाता जाता काहीतरी करून गेले.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. 'काकांनी फाईल बिघडवून ठेवली' असं तिनं लिहिलंय. काकांना कंत्राटावर परत घ्यायचं की नाही, ते या कागदावर अडलंय. उद्या द्यायचाय.

आज तिनं मला त्या फाईलचे फोटो पाठवले. राजापेठेत मी दहा वर्षं संगणकाचे क्लास घेतले. नमुन्यांच्या नावांच्या यादीत पीटीआर १२ च्या आधी एक आडवी रेघ, अंडरस्कोर, दिसली. जुन्या फाईलला उभे रकाने अडीचशेच, नवीला सोळा हजार; रकान्यांना नावं इंग्रजी अक्षरांची, ती आता तीन अक्षरांपर्यंत जातात. त्यामुळे पीटीआर १२ हा आता एका रिकाम्या चौकोनाचाच पत्ता झाला, म्हणून एक्सेलनं काकांच्या नावाला रेघ जोडली. एकत्रित पान अजून जुनंच नाव शोधतं आणि रिकाम्या चौकोनात जातं. अकोटची अक्षरं चार. तसा रकानाच नाही.

पण एक्सेल हे विचारल्याशिवाय करत नाही.

फोन लावून तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रश्मी बोलली. "आली होती व आई कायतरी सूचना. न वाचताच हो म्हणलं. आता साहेबाले कसं सांगू?"

"काकांचं नाव लिहाले बरं जमलं!"

तिनं फोन ठेवला.

सकाळी ती तो कागद देणार नाही, याची मला खात्री नाही. पोटची पोर असून नाही. काकांचा नंबर माझ्याकडे आहे. ती केंद्रात पोचण्याआधी मीच त्यांना फोन करून खरं काय ते सांगते.