बाईंची इमेज खराब नव्हती

"आधी नाव वाचा जी, मग एंटर दाबा," असं म्हणत बाई पडद्यावरच्या अक्षरांखालून पेन्सिल फिरवायच्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या अक्षरजुळणीच्या ऑफिसातले संगणक त्यांच्या ताब्यात होते. मूळच्या वर्ध्याच्या, राहायला वारज्यात. "काय करून राहिले?" असं त्यांनी मागून विचारलं की आम्ही हसायचो. एकदा मी त्यांची नक्कल करत होतो आणि त्या दारातच उभ्या होत्या. "'राहिले' थोडं लांबवा," एवढंच म्हणाल्या नि जागेवर जाऊन बसल्या.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याची शिस्त तुम्हाला जाचत असेल. दर शनिवारी बाई प्रत्येक संगणकाच्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवत. सी भागाची वेगळी, डी भागाची वेगळी. सीमध्ये विंडोज, डीमध्ये पुस्तकांची पानं.

बहीण आजारी पडली म्हणून त्या पंधरा दिवस गावी गेल्या. जाताना शनिवारचं काम मला सांगून गेल्या. दोन्ही शनिवारी मी ते टाळलं.

पुढच्या सोमवारी माझा संगणक सुरूच होईना. मी पेन ड्राइव्हवरून तो कसाबसा चालू केला, बाईंच्या हार्ड डिस्कवरची सीची इमेज निवडली आणि ती कुठे उतरवायची, या यादीत घाईघाईने डी निवडलं. 'या भागावरचं सगळं पुसलं जाईल' अशी सूचना आली. न वाचता एंटर दाबलं.

एका निवृत्त शिक्षकांच्या वनस्पतिकोशाचं पंधरा दिवसांचं काम गेलं. मालकांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बाईंची इमेजच खराब होती."

बाई परतल्या. त्यांनी डीची जुनी इमेज नीट उतरवून दिली. तरी मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "इमेज चांगली की खराब, हे आता पंचांगात बघायचं का बाई?" बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी की-बोर्डवरची धूळ पुसत होतो.

त्या पंधरा दिवसांतल्या गेलेल्या दुरुस्त्या त्यांनी कागदी प्रुफांवरून पुन्हा केल्या. आठ दिवस डबाही टेबलावरच खाल्ला. संगणकांची जबाबदारी मालकांनी माझ्याकडे दिली, आणि मी ती घेतली.

दोन महिन्यांनी बाईंनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी हार्ड डिस्क माझ्या हातात देत म्हणाल्या, "इमेज उतरवली की प्रोग्राम या डिस्कवर नोंद ठेवतो. कोणती, कुठे, किती वाजता. त्या सोमवारची मी आल्या-आल्याच वाचली होती."

मी विचारलं, "मग मालकांना का नाही दाखवलीत?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं जी."

मला एवढंच सुचलं, "चहा घेता का, बाई?"

"नको. बस चुकेल."

त्या जिना उतरून गेल्या. मालक केबिनमध्येच होते, दार उघडं होतं. मी हार्ड डिस्क कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि घरी गेलो.