मोरीत ओतलेल्या बाटल्या

यवतमाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा शैवालाचं खूळ माझ्या डोक्यात पुरतं शिरलं होतं. कळंबकडचं तळं, गुरांचे हौद, जिनिंगच्या आवारात साचलेलं पाणी. हिरवं दिसलं की मी बाटली बुडवायचो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाची ओळख पटवत बसायचं. ही पेशी नुसती गोल, या चार एका रांगेत आणि टोकांना काटे. या जिवांत मेदाम्लं किती, त्यांतून खाण्याजोगं तेल निघेल का, हे मला शोधायचं होतं. "काय हो, घरचं जवसाचं तेल संपलं वाटतं!" असं स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं की मी चिडायचो.

प्रयोगशाळेतला चपराशी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा होता. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली आणि नंतर, तीन पोरांचा बाप असताना, तो मॅट्रिक झाला. प्रयोगशाळा सहायकाची जागा लवकरच रिकामी होणार होती. ती त्याला हवी होती आणि तसं त्यानं मला सरळ सांगितलंही होतं.

शैवाल मी बाटल्यांतल्या क्षारांच्या पाण्यात वाढवायचो, आणि मी नसताना त्यात वेळच्या वेळी क्षार घालायचं काम त्याचं होतं. दिवाळीच्या सुटीत गावी जाताना क्षारांच्या कपाटाची किल्ली मी चुकून खिशातच नेली. परत येऊन पाहतो तर सगळ्या बाटल्या पिवळ्या पडलेल्या. माझं डोकंच फिरलं. किल्ली माझ्याच खिशात होती, पण ओरडलो मी त्याच्यावर.

"मेले नाई, सर," तो शांतपणे म्हणाला. "मी भिंगातून पाह्यलं. याइले तर्री सुटून राह्यली."

तर्री म्हणजे आमच्याकडे रश्शावर तरंगणारं तेल. मी मोठ्यानं हसलो. "शैवालाचा रस्सा शिजवतोस काय? आणि सूक्ष्मदर्शकाला हात लावायला कुणी सांगितलं तुला?" तो मागे सरकला. मी बाटल्या उचलून मोरीत ओतायला लागलो, तेव्हा मात्र तो पुढे झाला. "काहून फेकता, सर? एकडाव पाहून तं घ्या."

मी पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये ही गंमत मीच रंगवून सांगितली. महिन्याभरानं त्याच्या अर्जावर माझं मत मागवलं, तर लिहून दिलं : "कामात बरा, पण नसत्या कल्पना लढवतो." जागा दुसऱ्याला मिळाली. तो बाभुळगावच्या शाळेत चपराशी म्हणून निघून गेला.

चार वर्षांनी माझ्या हातून पुन्हा तसंच झालं. क्षारांतलं नायट्रेट संपलं, बाटल्या पिवळ्या पडल्या. या वेळी ओतून देण्याआधी मी एक थेंब, तेलाला चढणारा रंग घालून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी न् पेशी तेलाच्या लालसर थेंबांनी भरली होती. उपाशी ठेवलं की हे जीव वाढायचं थांबतात आणि अंगात चरबी साठवतात. त्यानं हे आधीच पाहिलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी वर्गावर जाववेना.

रविवारी बाभुळगावला गेलो आणि त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "हे कागदावर लिहून द्यान का, सर? आमच्या शाळेत लॅबची जागा निघाली हाये."

"कॉलेजच्या कागदावर पाठवतो," मी म्हणालो, आणि तेव्हा मनापासूनच म्हणालो.

लिहायला बसलो तेव्हा मात्र अडलो. त्यानं काय पाहिलं ते लिहायचं, तर मी काय केलं तेही लिहावं लागणार होतं. माझं जुनं मत माझ्या सहीनिशी कॉलेजच्या फाइलीत होतंच. तीन कागद फाडले. चौथा पाठवला. त्यात तो मेहनती होता, प्रामाणिक होता, वेळेवर येणारा होता. बाटल्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

ती जागाही त्याला मिळाली नाही. मेहनती आणि प्रामाणिक असल्याचं पत्र सगळ्याच अर्जांना जोडलेलं असतं.