डेट्रॉइटला पोचलेला हाली रुपया

विमान डेट्रॉइटला उतरलं तेव्हा धावपट्टीच्या कडेला बर्फाचे ढीग होते. पर्समध्ये खणाच्या तुकड्यात बांधलेला चांदीचा रुपया होता, नव्वदीच्या थोरल्या दादासाठी. "आत्या, बाबा रोज थोडं थोडं विसरतायत," त्याची मुलगी मंजू फोनवर म्हणाली होती. "पण 'माझा रुपया आणा' हे डेली म्हणतात. लवकर ये, प्लीज."

तपासणीच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "बिया, धान्य, काही आहे?" मी ठणकावून नाही म्हटलं. त्यानं पुरचुंडी सोडली आणि टेबलावर हळकुंड, सुपारी, अक्षता पडल्या. देवघरातली वस्तू प्रवासाला निघाली की तिच्यासोबत हे बांधायचं, ही आईची पद्धत. अक्षता म्हणजे धान्य, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! आणि म्हणे मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं.

त्याचा चेहरा बदलला. "हे नाणं कुठल्या देशाचं?"

"हैदराबादचं."

"ते तर भारतातलं शहर आहे."

"तेव्हा वेगळं राज्य होतं. स्वतःचं नाणं होतं."

"आता चालतं?"

"नाही."

तो रुपया घेऊन आत गेला. मला एका बाकावर बसवलं, फोन बंद करायला लावला.

त्याला काय काय सांगणार होते मी? आमचं तुळजापूर निजामाच्या राज्यात होतं. तिथे हा हाली सिक्का (निजामी नाणं) चालायचा. हद्दीपलीकडे सोलापुरात कलदार (इंग्रजी रुपया) लागे, आणि सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत. दादा बारा वर्षांचा असताना अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हाच रुपया देऊन त्याला सोलापूरला शिकायला पाठवलं. खानावळवाल्यानं तो पायरीवर फेकला. "इथे चालत नाही." दादा उपाशी झोपला. पुढे राज्य गेलं, हालीही बंद झाला. हा रुपया मात्र दादानं कधी मोडला नाही. अमेरिकेला जाताना देवघरात ठेवून गेला.

आता माझ्या मूर्खपणानं तो कायमचा जाणार, असं वाटून मला रडू येत होतं. अर्ध्या तासानं अधिकारी आला. हळकुंड, सुपारी, अक्षता त्यानं कचऱ्यात टाकल्या आणि रुपया माझ्या हातावर ठेवला. "पुढच्या वेळी खरं सांगा."

बाहेर मंजू रडवेली झाली होती. "आत्या, मी किती पॅनिक झाले, यार!" ॲन आर्बरला मंजूच्या घरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी शेतं आणि उघडी झाडं होती. मी सगळा वेळ मूठ आवळून बसले होते.

घरात पिठल्याचा वास होता. दादा खिडकीशी बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "या, बसा."

मी त्याची धाकटी बहीण! मी रुपया त्याच्या हातात ठेवला. त्यानं चारमिनारच्या ठशावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मग हळूच विचारलं, "इथे चालेल का?"

"चालला, दादा. आत नेऊन पारखला, आणि सोडला."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मंजू, पाहुण्यांना वाढ," तो म्हणाला. "मलाही वाढ. पैसे आहेत आपल्याकडे."

तीन आठवड्यांत दादानं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. त्याचं दुःख आहेच. तुळजापूरला परतल्यावर देवघर उघडलं. रुपयाच्या जागी दुसरं नाणं ठेवावंसं वाटलं नाही. नव्वदाव्या वर्षी का होईना, दादा सोलापुरात जेवला.