रफिकचाचांच्या दुकानामागची माती

रफिकचाचांनी विष घेतलं नव्हतं.

पंपाचं नोझल तोंडाने ओढलं होतं.

दरवर्षी आजच्या दिवशी हे लिहावं लागतं. कारण दर्यापुरात अजूनही कोणी ना कोणी मान हलवून म्हणतंच, "त्यानंही घेतलं म्हणे." शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्याकडे कोणी विषाने गेलं की लोक दुसरं काही विचारायचेच नाहीत.

अरे, तो माणूस मेकॅनिक होता! फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. एसटी स्टँडजवळ टिनाचं दुकान, मागे थोडी मोकळी जागा. आजूबाजूच्या गावांतले पंप तिथे यायचे. आत उरलेलं औषध मागच्या मातीत ओतायचं, पंप धुवायचा, मग दुरुस्ती. वीस-बावीस वर्षं हेच.

फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात.

मी तेव्हा अमरावतीला मायक्रोबायोलॉजीत रिसर्च करत होते. हे औषध खाऊन जगणारे बॅक्टेरिया शोधत होते. चांगल्या शेतांची माती आणून आणून थकले, हाती काही लागेना. सर वैतागलेले, मी रडकुंडीला आलेली.

मग डोक्यात आलं की जिथे रोज विषच सांडतंय, तिथे जो जंतू टिकलाय तो तेच खात असेल ना?

डबा आणि चमचा घेऊन चाचांच्या दुकानामागे जाऊन बसले. गवताचं पातं नव्हतं तिथे.

"काय वं पोरी, सोनं निंगालं काय?"

"जंतू शोधतेय चाचा."

"मंग घरी ये न. चाचीले विचार, तिच्या मतानं सगळ्यात मोठा जंतू मीच हाय."

असे होते चाचा.

ती माती डब्यात भरून, मांडीवर धरून, जीपमध्ये दाटीत बसून अमरावतीला आणली. फ्लास्कमध्ये त्या मातीतले बॅक्टेरिया आणि खायला फक्त औषध. दुसरं काही नाही. जगायचं तर हेच खा.

दोन दिवसांनी फ्लास्क पिवळाजर्द झाला. म्हणजे त्यांच्या एन्झाइमने औषधाचा रेणू कापला होता. आणखी तीन दिवसांनी पिवळेपणाही गेला. कापलेले तुकडेसुद्धा खाल्ले पठ्ठ्यांनी! मी लॅबमध्ये एकटीच नाचले.

शनिवारी गावी आले ती सरळ दुकानात.

"चाचा, तुमच्या मातीतले जंतू औषध पचवतात! पाच दिवसांत साफ!"

चाचांच्या हातात नोझल होतं. त्यांनी ते तोंडाला लावलं, गाल फुगवून फुंकलं, थुंकले आणि पुन्हा फुंकलं. मी नेहमी ओरडायचे, तोंड लावू नका, तार घाला. ते म्हणायचे, "तारीनं भोक मोठं होते वं. मंग थे फवारा कायचा मारते?" आणि ते खरंही होतं. तोंडाने साफ केलेलं नोझल नव्यासारखं चालायचं, म्हणून तर लोक त्यांच्याकडे यायचे.

त्या दिवशी म्हणाले, "मंग थे जंतू माह्या पोटातही असतीनच न? इतके वर्षं फुंकून राहिलो. म्हनूनच मले काई होत नाई."

मला घरी जायची घाई होती. मी खुशीत होते.

मी हसून म्हटलं, "असतील असतील चाचा!"

एवढंच बोलले मी.

पुढच्या हंगामात, भर फवारणीच्या दिवसांत, एक पंप आला. कोणीतरी दोन औषधं पाणी न घालताच एकत्र केलेली. नोझल फुंकून मोकळं होईना, म्हणून चाचांनी उलटं ओढलं.

अमरावतीच्या दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला, "कशासाठी घेतलं?" चाची सांगून सांगून थकली, "घेतलं नाई हो, काम करून राहिले होते." कागदावर काय लिहिलं देव जाणे.

मी पोचले तेव्हा इंजेक्शनं सुरू होती. दुसऱ्या दिवशी घाम थांबला, चाचा बोलायला लागले. आम्हाला वाटलं, सुटलो.

मला जवळ बोलावलं. आवाज बसलेला.

"पोरी, तुही थे बाटली आन न."

"कोणती चाचा?"

"जंतूची. माह्याच मातीतले होत थे. मले चालतीन."

बाटलीतलं रक्तात चालत नाही. तेच बॅक्टेरिया रक्तात गेले तर दुसरं मरण. तो एन्झाइम माणसाला द्यायच्या रूपात माझ्याकडे नव्हता, त्या दवाखान्यातही नव्हता. सगळं सांगितलं, हळूहळू, सोपं करून.

चाचा ऐकत होते. मग म्हणाले, "पन तूच तं म्हनली होती."

रागाने नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांना मान उचलता येईना. मग श्वास. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बरा वाटतो आणि जातो. तिथून सहा किलोमीटरवर लॅबच्या फ्रीजमध्ये चाचांचे जंतू ठणठणीत होते. मी व्हरांड्यात उभी राहून त्यांना शिव्या घातल्या.

थिसिस झाला. नावापुढे डॉक्टर लागलं. कोणी डॉक्टर म्हटलं की अजून कसंतरी होतं.

दुकान गेलं, मागच्या जागेवर सिमेंट पडलं. तिथली माती आता नाही.

परवा चाची भेटली. म्हातारी झाली आहे. तिने विचारलं, "त्याईचे थे जंतू जिते हायेत काय अजून?"

"आहेत चाची. दर महिन्याला ताजं खाणं देते."

ती माझा हात धरून म्हणाली, "मरू देजो नको वं त्याईले."

आज सकाळी सुट्टी असून लॅबमध्ये आले. नवीन फ्लास्क भरला, तुमचं नाव लिहिलं.

चाचा, मी हसायला नको होतं.

सलाम.