क्रेन येईपर्यंत

ओहोटीच्या चिखलाचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. कतारच्या उत्तरेकडे एका खाडीचा काठ ढासळत होता. तो सावरायचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि मी डंपर चालवायचो. माती धरून ठेवायला काठाखालच्या चिखलात आम्हीच तिवराची रोपं लावली होती. वीतभर पाण्यात त्यांच्याभोवती माशांची बारीक पिल्लं चमकायची. लाटा अडवायला रोपांच्या पुढे क्रेनने एकेक दगड ठेवायचा, असं ठरलं होतं. पण त्या दिवशी क्रेनला उशीर झाला, दुसऱ्या दिवशी साहेब लोक बघायला येणार होते, आणि फोरमन म्हणाला, "यल्ला, ऊपर से ही खाली करो." म्हणजे सगळे दगड थेट रोपांवर! मी म्हटलं, "नहीं करूँगा." "नौकरी नहीं चाहिए क्या?" असं ओरडत त्याने मला खाली उतरवलं आणि स्वतःच डंपरमध्ये चढून हौदा उचलायला लागला. मी तडक काठाखाली गेलो आणि रोपांच्या मधोमध, घोटाभर चिखलात उभा राहिलो. "अब करो खाली!" वर हौद्यात दगड करकरले. त्याने हॉर्न दाबून धरला, शिव्या घातल्या. मी जागचा हललो नाही. शेवटी हौदा दगडांसकट खाली बसला. दुपारी क्रेन आली. मला मात्र त्याच आठवड्यात पार दक्षिणेला, मेसईदच्या कामगारांच्या बसवर टाकलं. अजून तीच चालवतो. सुट्टीला मुद्दाम खाडीवर जातो; रोपं आता माझ्या छातीला लागतात. मला हलवलंत ना? आता त्यांना हलवून दाखवा.