तीन हजारांची कवळी

२००६ साल, तान्ह्या पोळ्याचा दिवस. तीन हजार रुपये, रोख. हजर : वडील, मी, माझी बायको आणि दातांचे डॉक्टर.

वडिलांची ही दुसरी कवळी. पहिली त्यांनी जेवणानंतर कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली आणि ती केरात गेली. मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होतो. कापसाची आवक तुटलेली, सहा महिने अर्धाच पगार हाती येत होता. दवाखान्याच्या पायरीवरच मी वडिलांना बजावलं, "बाबा, आता तोंडातून काढायची नाही. रात्रीही नाही." डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि आत गेले.

वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मभर वरिष्ठांचे आदेश पाळले, म्हातारपणी माझा पाळला.

दिवाळीपर्यंत ते जेवताना खोकू लागले. आधी पाण्याने, मग वरणाने. भाकरी सुटली. छातीत घरघर, मधून मधून ताप. तीन डॉक्टर झाले. एकाने खोकल्याचं औषध दिलं, दुसऱ्याने छातीचा फोटो काढून इंजेक्शनं दिली, तिसरा म्हणाला, "वय झालं. आता नाकातून नळी टाका." भेटायला येणारेही उशाशी बसून तेच म्हणत आणि आमचा चहा पिऊन जात. वय त्र्याहत्तर होतं. त्र्याहत्तराव्या वर्षी घास अडकलाच पाहिजे, हे कुठे लिहिलंय ते मला अजून सापडलेलं नाही.

वडील नळीला तयार नव्हते. "नाकातून वरणाची चव लागते काय रे?" त्यांनी मला विचारलं. बायको हसली आणि लगेच स्वयंपाकघरात निघून गेली.

त्याच आठवड्यात शेजारच्या बाळाला लस द्यायला आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या होत्या. जवळच्या तांड्यावरच्या. खोकला ऐकून त्या आमच्याकडे आल्या.

"काकाजी, आ करा बरं."

कवळी निघता निघेना. निघाली तेव्हा खोलीभर वास सुटला. टाळू लालभडक, त्यावर पांढरा थर, हिरडीला रुपयाएवढी जखम.

"याच्या आधी कवा काढली होती?"

"काढलीच नाई. पोळ्याले बसवली," वडील म्हणाले. "यानं सांगतलं, काढू नको. तीन हजाराची हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, रात्री चप्पल तरी काढता ना पायातली?"

तोंडातली घाण थुंकीबरोबर छातीत उतरते, त्या म्हणाल्या. जखमेमुळे ते चावत नाहीत, अख्खा घास ढकलतात. बायको त्यांना उशीला टेकवून भरवायची, तेही चूक. ताठ बसवा, हनुवटी जराशी खाली, लहान चमचा, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही, घास तोंडात असताना बोलतं करू नका. पाण्याने ठसका लागतो तोवर दाट आंबील द्या. जेवणाआधी आणि नंतर ओल्या फडक्याने जीभ, हिरड्या पुसा. रोज गाल फुगवायचे, जीभ दोन्ही गालांत दाबायची, दहा-दहा वेळा. आणि आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या.

नेलं. तीन आठवड्यांनी ते ज्वारीच्या कण्या खाऊ लागले, संक्रांतीला तिळाची पोळी. नळी टाकावी लागली नाही.

तिन्ही डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं होतं. छातीच्या वर वीतभर अंतरावर तोंड आहे, ते एकानेही उघडून पाहिलं नाही. आणि मी, जो रुईच्या गाठीचं वजन दोनदा तपासल्याशिवाय सही करत नव्हतो, त्या मीही पाहिलं नाही.

कवळीची टोचणारी कड घासून घ्यायला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. "तुम्ही दारात उभे होता. ऐकलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं कुठे?" ते म्हणाले आणि शंभर रुपये मागितले. मी दिले, कारण कवळी त्यांच्या हातात होती.

नर्सबाईंनी काहीच घेतलं नाही. कवळी रात्री पाण्यात ठेवायला डबा आणा, एवढंच म्हणाल्या. शेवटचा खर्च तोच. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, अठरा रुपये, आठवडी बाजारातल्या भांडेवालीला.