घरमालकांचं ‘नाई’

‘नाही’ हा शब्द आमच्या घरमालकांइतक्या मायेनं उच्चारणारा दुसरा माणूस अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात नसेल. आणि असलाच, तर त्याच्या गावात माझी कधी बदली होऊ नये. अहेरीहून एसटीनं दीड तास आणि मग फाट्यापासून पायी, अशा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी गुरुजी म्हणून रुजू झालो. त्या दिवशी एका हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर गादीची वळकटी अशा अवतारात मी त्यांच्या अंगणात उभा राहिलो आणि विचारलं, “भाऊ, खोली मिळन का?” “नाई,” ते म्हणाले. मी माघारी वळलो, तर माझ्या हातातली पेटी काढून घेऊन ते सरळ घरात चालू लागले. “खोली नाई. पडवी आहे. पडवीले खोली म्हनून भाडं घेतलं त मंग खोटं होते ना.” त्या पडवीत मी सात वर्षं राहिलो.

बोलण्याची सुरुवातच ते त्या शब्दानं करत. चहा घेता का विचारलं की “नाई” म्हणून दोन कप पीत. एकदा गुडघा धरला म्हणून मी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून विचारलं, “दुखते का?” “नाई.” “मग आलात कशाला?” “दुखून राह्यलं होतं. तुमाले पाहून थांबलं.” त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या दिवशी पाहुण्यांनी सुपारी पुढे केली, सगळं घर आनंदात, आणि हे ओट्यावरून खणखणीत आवाजात म्हणाले, “नाई.” मुलाच्या बापाचा चेहरा उतरला, घरमालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मग यांनी कंबरेची खर्ऱ्याची पन्नी काढली. आमच्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, प्लास्टिकच्या पन्नीत तळहातानं घोटतात, आणि हे तो घोटायला लागले की पुढचं वाक्य कधी येईल याचा काही नेम नसे. बऱ्याच वेळानं वाक्य आलं : “सोयरीक नाई म्हनत मी. जीप. जीप वांग्याच्या वाफ्यातून काढा.”

हा स्वभाव घरापुरता राहिला असता तर हसून सोडून देता आला असता. पण आमच्या गावाची रीत वेगळी. वनहक्काखाली आसपासचं जंगल गावाच्या ताब्यात, तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभाच करायची, आणि त्यातून येणारे पैसे कशावर खर्चायचे हे सगळ्यांनी गोटुलात, म्हणजे गावाच्या सभेच्या मांडवात, एकत्र बसून ठरवायचं. हात वर करणं नाही, मोजणं नाही. सगळे ‘हव’ म्हणाले तरच ठराव. एकाचंही ‘नाई’ आलं की विषय पुढच्या सभेवर गेला. आता अशा गावात असा माणूस जन्माला घालणाऱ्या देवाला काय म्हणावं?

शाळेच्या खर्चाच्या बाबतीत तर त्यांच्या अंगातच यायचं. भिंती रंगवायला सरकारी अनुदान आलं, रंगारी तालुक्याहून आला आणि त्यानं ठरल्या नमुन्याप्रमाणे एक पेंग्विन काढला. घरमालक रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहायचे. चौथ्या दिवशी त्यांनी रंगाऱ्याला विचारलं, “हा कोन?” त्यानं सांगितलं. “आमच्या जंगलात याले कोनी पाह्यलं नाई. सरकारनं पैसे देऊन काऊन आनला?” शेवटी रंगाऱ्यानं वैतागून पेंग्विनशेजारी एक रानडुक्कर फुकटात काढून दिलं आणि काढता पाय घेतला. आजही ते दोघे तिथे एकमेकांकडे संशयानं बघत उभे आहेत.

मग सातव्या वर्षी गाडीचा विषय निघाला, आणि गावातलं हसणं थांबलं.

विषय काढला त्यांच्याच पुतण्यानं. तालुक्याला इंग्रजी शाळा निघाली होती. तेंदूपत्त्याच्या पैशातून गावानं एक गाडी भाड्यानं लावावी, शाळेतली सगळी मुलं तिकडे न्यावी. म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या शाळेत शिक्षकांच्या जागा दोन, हजर मी एकटा. चार वर्ग एकाच खोलीत. मी चौथीला भागाकार शिकवत असताना पहिलीतलं एखादं पोर माझ्या पायाशी झोपलेलं असायचं. सभेत सगळे ‘हव’ म्हणाले. घरमालक उठले. “नाई.” पन्नी निघाली, खर्रा घोटून झाला. “नाल्यापल्याडच्या टोलीवरच्या सहा पोट्ट्यायचं काय? पावसाळ्यात नाल्यावरून गाडी जात नाई. बाकीचे गेले अन सहाच उरले, त सरकार शाळा बंद करन.”

“त्यायले आश्रमशाळेत टाका,” पुतण्या म्हणाला.

त्या टोलीवरची, म्हणजे नाल्यापल्याडच्या वस्तीवरची, एक म्हातारी दाराशी बसली होती. तिच्या मुलाचं आणि सुनेचं कामासाठी तेलंगणात जाणं-येणं असायचं, नात हिच्याजवळ. ती हळूच म्हणाली, “माही नात सात वर्साची आहे, बापू. ते आजून वेनी घालाले मले बोलावते.” विषय पुढच्या सभेवर गेला.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तीही लाजेची आहे. माझ्या पेटीत तळाशी आंतरजिल्हा बदलीचा आदेश पडून होता. घर भद्रावतीला; तिथे आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. आदल्या दिवाळीला मी दारात पोचलो तर मुलीनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि पडद्यामागे जाऊन लपली. पाहुणा आला की ती तसंच करायची. आदेश होता, पण एकशिक्षकी शाळा सोडून जायची परवानगी नव्हती. माझ्या जागी कोणी येईल तेव्हाच मला मोकळं करणार होते, आणि त्या गावात कोणी येत नव्हतं. शाळाच बंद झाली तर मात्र मी आपोआप सुटणार होतो. म्हणजे सारं गाव घरमालकांनी ‘हव’ म्हणावं म्हणून धडपडत होतं, आणि त्यांच्या पडवीत भाड्यानं राहणारा मास्तर मनातून त्या सगळ्यांच्या पुढे होता.

मी एक शहाणपणा करून पाहिला. हा माणूस उलटंच बोलतो ना, मग आपणच उलट बोलू. जेवताना सहज म्हणालो, “भाऊ, तशी ते गाडी काई कामाची नाई म्हना.” त्यांनी भाताचा घास थांबवला, माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, “हव. तेच त म्हनून राह्यलो मी.” सात वर्षांत त्यांना माझं पटलं ते एवढं एकदाच.

दुसऱ्या सभेत आवाज चढले. पुतण्या म्हणाला, “सरकारी शाळा चालवनं सरकारचं काम आहे. मे महिन्याच्या उन्हात पानं तोडाची आमी, अन त्या पैशानं सरकारची शाळा सांभाळाची?” याला सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही मनात डोलावली. घरमालक म्हणाले, “सरकारनं खर्च केला नाई काऊन? केला. संगनक देला, लाइट नाई देली. हात धुवाचं टाकं देलं, पानी नाई देलं. दोन मास्तरायची जागा देली, मास्तर एक देला. सारं अर्धं अर्धं देते. बाकीचं अर्धं आपन देऊ. गावात एक सून डी.एड. झालेली बसून आहे, तिले मानधन देऊन शाळेत ठेवू.”

“अन ते बाकीचं अर्धं आपनच काऊन द्यावं?”

घरमालकांनी पन्नीला हात घातला आणि तसाच काढून घेतला. “ते मले माहीत नाई,” ते म्हणाले.

“माहं पोरगं तिसरीत आहे, काका. तुमाले माहीत होईन तवरीक त्याले मिशा फुटतीन.” एवढं बोलून पुतण्या सभेतून उठून गेला आणि त्याच्यामागे अर्धं गाव गेलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पडवीत कोणी बसायला येईना. हातपंपावर घरमालकीणबाई गेल्या की बायकांचं बोलणं बंद व्हायचं. धानाच्या रोवणीच्या आधी चिखलणीला पुतण्याचे बैल यायचे, तर त्यानं निरोप धाडला की यंदा बैल मिळायचे नाहीत. त्या दिवशी घरमालक बांधावर एकटेच बसून होते, खर्रा न घोटता. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. एका शब्दासाठी माणूस आपलं घर, भाऊबंद, शेत पणाला लावतो, आणि त्यात माझी पोरगी मला विसरून चाललेली असते, हे मला सहन होत नव्हतं. दोनदा मनात आलं, ओरडून सांगावं, भाऊ, ज्या शाळेसाठी भांडता तिच्या मास्तरालाच ती नको आहे. पण माझी जीभ रेटली नाही.

तिसरी सभा शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात भरली. गाडीवाला उत्तरासाठी अडून बसला होता. गोटुलात जागा नव्हती, लोक बाहेर उन्हात उभे होते. घरमालक ‘नाई’ म्हणाले आणि पुतण्या धावून गेला. दोघांनी त्याला कंबरेत धरून मागं ओढलं. घरमालकांचं सदऱ्याचं बटण तुटून खाली पडलं होतं, ते त्यांनी वाकून उचललं, खिशात टाकलं आणि म्हणाले, “गुरुजीले इचारा. शाळा त्यायची आहे. गाडी बरी असं ते म्हनले, त मी खाली बसतो. पुन्हा उठनार नाई.”

सगळं गाव माझ्याकडे वळलं. घरमालकांना खात्री होती. सात वर्षं एका ताटातलं जेवल्यासारखे आम्ही राहिलो, मी शाळेच्याच बाजूनं बोलणार याबद्दल त्या माणसाच्या मनात शंका नव्हती.  ‘गाडी बरी’ एवढे दोनच शब्द बोललो असतो तर महिनाभरात भद्रावतीला होतो.

“माहं आयकू नका,” मी म्हणालो. “माह्याजवळ बदलीचा आदेश आहे. शाळा बंद झाली त मले घरी जाता येते. म्हनून मले गाडी पायजे. मी मास्तर म्हनून नाई बोलून राह्यलो, घरी माही लहान पोरगी आहे, तिचा बाप म्हनून बोलून राह्यलो. म्हनून माह्या शब्दावर काईच ठरवू नका.”

घरमालकांकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.  मग टोलीवरची म्हातारी बोलली, जणू निवडायला घेतलेल्या तांदळाबद्दल बोलावं तसं. “मंग हे दोन इषय वेगळे करा ना. गुरुजीले जाऊ द्या. शाळेले राहू द्या.”

ग्रामसभेची अध्यक्ष आमच्या अंगणवाडीची बाई. तिनं वही उघडली. गावातल्या त्या डी.एड. सुनेला पानाच्या पैशातून मानधन द्यायचं. केंद्रप्रमुखांनी तिला पूर्वी एकदा सांगितलं होतं की शिकवायला दुसरं कोणी असलं आणि गावानं लेखी हरकत नाही असं कळवलं, तर शेजारच्या शाळेकडे कारभार देऊन गुरुजींना मोकळं करता येतं. ते लिहून द्यायचं.  “एक वर्स,” पुतण्या म्हणाला. “पुढच्या पानाच्या टायमाले माह्या पोराले वाचता नाई आलं, त गाडी.” घरमालकांनी मान डोलावली. शाळेचा ठराव झाला.

मग अध्यक्षबाईंनी दुसरा ठराव वाचला, गुरुजींना सोडण्याचा, आणि रीतीप्रमाणे विचारलं, “कोनाचं नाई आहे का?”

झाडून सगळ्या माना घरमालकांकडे वळल्या. त्यांनी पन्नी काढली. ते घोटू लागले. एक शब्द, आणि विषय पुढच्या सभेवर. पुढची सभा रोवणी झाल्यावर, तोवर हे केंद्रप्रमुख बदलून गेलेले, आणि मी आणखी एक वर्ष त्या पडवीत.  ते घोटत राहिले, इतका वेळ की त्या खर्ऱ्याचं पीठ झालं असेल. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पन्नी तशीच गुंडाळून कंबरेला खोचली आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसले.

मला मोकळं केल्याचा कागद आला, त्या संध्याकाळी मी गादी बांधत होतो. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, आणि घरमालकीणबाई माझ्या मुलीसाठी मोहफुलांचे लाडू फडक्यात बांधत होत्या.  शेवटी मीच म्हणालो, “भाऊ, ठरावाले तुमी काई बोलले नाई.”

“तोंडात आलं होतं,” ते म्हणाले. वळकटीच्या दोरीचं दुसरं टोक त्यांनी धरलं, गुडघा लावून गाठ आवळली, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मी म्हटलं असतं त तुमाले थांबाच लागलं असतं. लई सोपं होतं, गुरुजी.”

या माणसावर मी महिनाभर मनातल्या मनात चिडत होतो. मला रडू आलं, आणि ते लपवायला त्या पडवीत आडोसा नव्हता. माझी पेटी उचलून त्यांनी स्वतःच बाहेर अंगणात नेऊन ठेवली.